अनेक भूमिका, एक निष्ठा

[चित्रपटांतील नटनटींची नावे मुलांच्या तोंडी असतात, परंतु त्या नावांमागील श्रम, अभ्यास आणि विचारपूर्वक केलेली निवड यांची ओळख त्यांना क्वचितच होते. पैशाच्या बळापेक्षा आशयाच्या बळावर उभ्या राहिलेल्या चित्रपटांतून ज्यांनी भारतीय अभिनयकलेला नवे वळण दिले, त्या स्मिता पाटील यांच्या कार्याचा परिचय प्रस्तुत पाठात करून दिला आहे.]

गुजरातमधील राजकोट शहराजवळच्या एका खेड्यात ‘मंथन’ या चित्रपटाचे चित्रण चालू होते. चित्रपट कसा तयार होतो, हे पाहण्याच्या उत्सुकतेने बाहेरगावची काही मंडळी तेथे आली. इकडे तिकडे पाहून झाल्यावर त्यांनी विचारले, “या चित्रपटाची नायिका कोठे आहे?” कोणीतरी गावातल्या बायांच्या घोळक्याकडे बोट दाखवले. त्या बायांसारखाच पेहराव केलेली एक सावळी तरुणी त्यांच्यात मिसळून बसली होती. पाहुण्यांना ते खरेच वाटेना. नायिका म्हणजे भरजरी वस्त्रे ल्यालेली, गोरीपान, चारजणींत उठून दिसणारी स्त्री, अशी त्यांची कल्पना! ही तर गावातलीच कोणी गवळण दिसत होती.

मुलांनो, ही आठवण त्या चित्रपटाच्या संदर्भात नेहमी सांगितली जाते. त्या पाहुण्यांची फसगत झाली खरी. परंतु कोणत्याही नटीच्या वाट्याला याहून मोठी शाबासकी क्वचितच येते. कारण दिसणे ही शोभा आहे. परंतु जिची भूमिका करावयाची तिच्यासारखे होऊन जाणे ही कला आहे. त्या घोळक्यात हरवून गेलेली ती तरुणी म्हणजेच स्मिता पाटील.

स्मिताचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात झाला. वडील शिवाजीराव पाटील हे स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतलेले, खानदेशातील शिरपूरचे कार्यकर्ते. पुढे ते महाराष्ट्र राज्याचे मंत्रीही झाले. आई विद्याताई समाजसेविका होत्या. जन्मतःच बाळाच्या मुखावर हसू होते, म्हणून आईने तिचे नाव ‘स्मिता’ ठेवले, असे सांगतात. घरात पैशाअडक्याचा बडेजाव नव्हता. पण सभा, शिबिरे आणि माणसांची ये-जा मात्र अखंड होती. समाजाचे प्रश्न हे आपलेच प्रश्न आहेत, हा संस्कार त्या घरात वेगळा शिकवावा लागला नाही. शाळेत असताना स्मिता राष्ट्र सेवा दलात जाऊ लागली. तेथे खेळ, गाणी आणि नाटुकली यांच्या जोडीला श्रमदानही असे. गाणे म्हणावयाचे ते चारजणांबरोबर आणि कुदळ उचलावयाची तीही चारजणांबरोबर, हा तेथील परिपाठ. रंगभूमीवर पहिले पाऊल टाकण्यापूर्वीच जनसामान्यांत मिसळण्याची सवय तिला अशा रीतीने लागली.

पुढे पाटील कुटुंब मुंबईस आले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले होते. त्या काळी दूरचित्रवाणी संच म्हणजे चाळीत एखाद्याच घरी आढळणारी नवलाईची वस्तू. चित्र कृष्णधवल आणि कार्यक्रम मोजकेच. या केंद्रावर मराठी बातम्या वाचण्याचे काम स्मिताला मिळाले. त्या दिवसांतली एक गंमत तिचे सहकारी पुढे आवर्जून सांगत. बातम्या वाचणाऱ्या स्त्रीने साडी नेसावी, असा संकेत होता. स्मिताला तर जीन्स घालण्याची आवड. मग ती जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यापुढे बसे! प्रेक्षकांना दिसे ते शांत, गंभीर मुद्रेने बातम्या वाचणारे रूप. मेजाआडचे गुपित कोणाला कळणार?

परंतु बातम्या वाचणे हे वरकरणी वाटते तेवढे सोपे काम नव्हे. उच्चार स्वच्छ हवेत, वाक्य कोठे थांबवावे याचे भान हवे आणि आनंदाची वार्ता असो की दुःखाची, स्वर संयमित ठेवता आला पाहिजे. डोळ्यांत भाव आणि वाणीवर ताबा हे दोन गुण पुढे स्मिता पाटील यांच्या अभिनयाचे वैशिष्ट्य ठरले. त्यांची काही प्रमाणात तालीम या लहानशा कामातच झाली असावी. पुण्याच्या चित्रपट संस्थेतील विद्यार्थी अरुण खोपकर यांनी १९७४ साली आपल्या पदविकेसाठी ‘तीव्र मध्यम’ हा लघुपट केला. त्यातही स्मिताने काम केले. काम लहान आहे की मोठे, याचा हिशेब तिने केला नाही.

दूरदर्शनवर बातम्या वाचणारा हा बोलका चेहरा दिग्दर्शक श्याम बेनेगल यांच्या दृष्टीस पडला. त्यांनी तिला ‘चरणदास चोर’ या बालचित्रपटात घेतले. हा चित्रपट १९७५ साली पुरा झाला. विजयदान देथा यांनी लिहिलेली राजस्थानी लोककथा आणि तिच्यावरून हबीब तन्वीर यांनी बसवलेले नाटक यांचा त्याला आधार होता. छत्तीसगडमधील लोककलावंतांनी त्यात कामे केली. खोटे बोलायचे नाही, असे वचन देऊन बसलेल्या एका चोराची ही गमतीदार आणि विचार करावयास लावणारी कथा. स्मिता पाटील त्यात राजकन्या झाल्या होत्या. नामांकित नटांऐवजी गावोगावच्या कलावंतांच्या सहवासात त्यांनी चित्रपटसृष्टीत पाऊल ठेवले, हा त्यांच्या पुढील वाटचालीचा शुभशकुनच म्हणावयास हवा.

येथे थोडे थांबून हे चित्रपट कोणत्या प्रकारचे होते, ते समजून घेऊ. चित्रपट करावयाचा म्हणजे पुष्कळ पैसा लागतो. ज्याचा पैसा त्याला तो परत मिळण्याची काळजी; म्हणून बहुतेक निर्माते लोकांना आवडल्याची खात्री पटलेलाच मालमसाला पुन्हा पुन्हा वापरतात. प्रशस्त कलागृहातील खोटे वाडे, नाच-गाणी, मारामाऱ्या आणि शेवटी सारे काही गोड! अशा चित्रपटांचा करमणुकीसाठी उपयोग असतोच. परंतु शेतकऱ्याचे कर्ज, मजुराची भूक, स्त्रीची घुसमट हे विषय मांडू पाहणाऱ्याने पैसा कोठून आणावा? १९५५ साली, म्हणजे स्मिता पाटील यांच्या जन्माच्याच वर्षी, सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ हा बंगाली चित्रपट प्रदर्शित झाला. तो पश्चिम बंगाल सरकारच्या पैशातून पुरा झाला होता. पुढे १९६० साली भारत सरकारने अशा चित्रपटांना कर्ज देण्यासाठी एक महामंडळ स्थापन केले. मोठ्या भांडवलदारांच्या धोरणाने न चालता स्वतंत्रपणे काढलेल्या या चित्रपटांच्या प्रवाहाला ‘समांतर चित्रपट’ असे नाव पडले. खरीखुरी गावे, साधे कपडे, हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी माणसे आणि बेताचे मानधन, असा त्यांचा थाट असे.

‘मंथन’ची कथा तर याहून नवलाची आहे. गुजरातमधील खेडा जिल्ह्यात १९४६ पासून दूध उत्पादकांची सहकारी चळवळ उभी राहिली होती. डॉ. व्हर्गीस कुरियन हे तिचे एक प्रमुख सूत्रधार. या चळवळीवर श्याम बेनेगल यांनी चित्रपट काढावयाचे योजले. पटकथा विजय तेंडुलकर यांनी लिहिली. प्रश्न होता पैशाचा. तो सोडवला स्वतः गवळ्यांनीच! गुजरातमधील ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले आणि १० लाख रुपये उभे राहिले. १९७६ साली चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा हे ‘निर्माते’ मालमोटारी भरभरून आपला चित्रपट पाहावयास गेले. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण आपण नेहमी ऐकतो. येथे दुधाच्या थेंबांनी चित्रपट निर्माण केला.

या चित्रपटात स्मिताबाईंनी बिंदू नावाच्या गरीब, फटकळ, पण स्वाभिमानी स्त्रीची भूमिका केली. म्हैस सांभाळणारी, पोराला कडेवर घेऊन वावरणारी ही बाई सहकारी दूध संस्थेच्या कामाकडे प्रथम संशयाने पाहते आणि मग हळूहळू त्या कामात ओढली जाते. जमिनीवर कसे बसावे, घागर कशी उचलावी, परक्या माणसाशी बोलताना पदर कसा सावरावा, या लहानसहान गोष्टी पुस्तकातून शिकता येत नाहीत. त्यासाठी स्मिताबाई गावातल्या बायांजवळ बसल्या. पाहुण्यांना नायिका सापडली नाही, त्याचे कारण हे होते.

त्यानंतर १९७७ साली ‘भूमिका’ हा चित्रपट आला. ‘संत सखू’, ‘लोकशाहीर रामजोशी’, ‘सांगत्ये ऐका’ अशा मराठी चित्रपटांनी घरोघर पोहोचलेल्या हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ याच नावाचे आत्मकथन आहे; त्यावर हा चित्रपट आधारलेला होता. एका नटीने दुसऱ्या नटीचे आयुष्य उभे करावयाचे होते. कोवळ्या वयातील उत्साहापासून आयुष्याने थकवलेल्या प्रौढ स्त्रीच्या एकाकीपणापर्यंतचा प्रवास त्यात होता आणि स्मिताबाईंचे वय तर अवघे एकवीस-बावीस वर्षांचे! शिवाय चित्रपटाचे काम नाटकाप्रमाणे आरंभापासून शेवटापर्यंत क्रमाने होत नाही. जागा, प्रकाश आणि पैसा यांच्या सोयीने प्रसंग मागेपुढे चित्रित होतात. सकाळी प्रौढपणीचा प्रसंग, तर दुपारी तरुणपणीचा, असेही घडते. म्हणून नटाला त्या व्यक्तीचे सारे आयुष्य मनात क्रमाने मांडून ठेवावे लागते. एरवी माळेचा दोरा तुटावा तशी भूमिका विस्कटते. स्मिताबाईंनी हा दोरा कोठेही तुटू दिला नाही. या भूमिकेसाठी त्यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी डॉ. जब्बार पटेल यांनी गो. नी. दांडेकर यांच्या ‘जैत रे जैत’ या कादंबरीवर चित्रपट काढला. डोंगरदऱ्यांत राहणारा ठाकर समाज, लिंगोबाचा सुळका, त्यावरची मधाची पोळी, ती हस्तगत करावयास निघालेला नाग्या आणि त्याला साथ देणारी मनस्वी चिंधी, असे त्याचे कथानक आहे. ना. धों. महानोर यांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत यांमुळे तो मराठी मनात कायमचा वसला. बिंदू गुजरातच्या सपाट प्रदेशातली आणि चिंधी सह्याद्रीच्या कड्याकपारींतली. दोघींची चालही वेगळी. डोंगरात वाढलेल्या माणसाच्या पायांना जी सहज चपळाई असते, ती चिंधीच्या पावलोपावली दिसते.

मराठी व हिंदी यांच्याशिवाय इतर भाषांतील चित्रपटही स्मिताबाईंनी तेवढ्याच आस्थेने केले. केतन मेहता यांच्या ‘भवनी भवाई’ (१९८०) या गुजराती चित्रपटात लोकनाट्याच्या ढंगाने अस्पृश्यतेच्या अन्यायावर बोट ठेवलेले होते. मृणाल सेन यांचा ‘अकालेर संधाने’ हा त्याच वर्षीचा बंगाली चित्रपट. जी. अरविंदन यांचा ‘चिदंबरम्’ (१९८५) हा मल्याळम्. तेलुगू आणि कन्नड चित्रपटांतही त्यांनी कामे केली. प्रेमचंदांच्या ‘सद्गती’ या कथेवर सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी १९८१ साली काढलेल्या चित्रपटातही त्या होत्या. राजकीय नकाशावर ज्या प्रांतांच्या सीमा आपण रंगवतो, त्या सीमा या अभिनेत्रीला अडवू शकल्या नाहीत. भाषा परकी असली, तरी दुःख परके नव्हते.

यांपैकी ‘अकालेर संधाने’ची कथा तुम्ही लक्षपूर्वक ऐका. १९४३ साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. त्या दुष्काळावर चित्रपट काढण्यासाठी शहरातील एक कंपनी पुष्कळ वर्षांनी एका खेड्यात जाते, असे यात दाखवले आहे. स्मिताबाईंनी त्या कंपनीतील नटीचे, स्मिता नावाच्याच नटीचे, काम केले आहे. कंपनीची माणसे गावच्या बाजारातले धान्य, भाजीपाला आणि मासळी विकत घेऊ लागतात. परिणामी तेथील भाव चढतात आणि गरिबांच्या तोंडचा घास महाग होतो. दुष्काळाची कथा सांगावयास आलेल्या मंडळींनीच गावात टंचाई निर्माण करावी, केवढा हा दैवदुर्विलास! दुसऱ्याच्या दुःखाचा अभिनय करणाराने त्या दुःखाचे आपण काय लागतो, हे स्वतःला विचारले पाहिजे, असा या चित्रपटाचा बोध आहे. १९८१ साली बर्लिन येथील महोत्सवात या चित्रपटाला मोठा सन्मान मिळाला.

स्मिताबाईंनी हा प्रश्न केवळ पडद्यावर विचारला नाही. जयवंत दळवी यांच्या ‘चक्र’ या कादंबरीवर रवींद्र धर्मराज यांनी त्याच नावाचा हिंदी चित्रपट काढला. मुंबईच्या झोपडपट्टीत राहणाऱ्या एका आईची भूमिका त्यांच्याकडे आली. तेव्हा त्या स्वतः झोपडपट्ट्यांत जाऊ लागल्या. तेथील स्त्रिया कशा बोलतात, कशा भांडतात, कसे हसतात, हे त्यांनी जवळून पाहिले. त्या भूमिकेत कोठेही कीव भाकणे नाही. दारिद्र्याने गांजलेली, तरीही आपल्या मुलाने दोन घास सुखाचे खावेत म्हणून धडपडणारी एक जिवंत बाई आपल्यासमोर उभी राहते. या भूमिकेने त्यांना दुसऱ्यांदा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला.

परंतु ही वाट गुलाबपाकळ्यांची नव्हती. सावळा वर्ण आणि साधे रूप नायिकेला शोभत नाही, असे मानणारे लोक त्या काळी पुष्कळ होते. त्यांना उत्तर देण्यासाठी स्मिताबाईंनी चेहऱ्यावर रंगांचे थर चढवले नाहीत. जो चेहरा होता, त्याच चेहऱ्याने बोलावयास त्यांनी प्रेक्षकांना शिकवले. याहून कठीण प्रसंग पुढेच होता. सुमारे पाच वर्षे त्यांनी मोठ्या व्यावसायिक चित्रपटांची निमंत्रणे दूर सारली होती. इतक्यात समांतर चित्रपटांना बरे दिवस येऊ लागले आणि त्यांच्या निर्मात्यांनाही गाजलेल्या नावांची गरज भासू लागली. ज्या प्रवाहासाठी त्यांनी लाभावर पाणी सोडले, त्याच प्रवाहातील एकदोन चित्रपटांतून, पुरेसे ‘नाव’ नाही म्हणून, त्यांना वगळण्यात आले! मन कडू व्हावे, असाच हा प्रसंग.

स्मिताबाईंनी मग व्यवहारी विचार केला. नावच हवे असेल, तर ते मिळवू आणि त्याचा उपयोग चांगल्या चित्रपटांसाठी करू, असे त्यांनी ठरवले. १९८२ साली अमिताभ बच्चन यांच्याबरोबर ‘नमक हलाल’ आणि दिलीपकुमार यांच्याही भूमिका असलेला ‘शक्ती’, अशा मोठ्या चित्रपटांत त्या दिसल्या. तेथील नाच-गाण्यांच्या प्रसंगांत त्यांना अवघडल्यासारखे होई. त्यांच्या या निर्णयावर काहींनी टीकाही केली. ती टीका सर्वस्वी चूक होती, असे म्हणता येणार नाही. कारण तत्त्वाला मुरड घालताना माणूस कोठे थांबेल, हे सांगणे कठीण असते. स्मिताबाई कोठे थांबल्या, हे मात्र त्यांच्या कामावरूनच पाहता येते. त्याच १९८२ साली त्यांनी ‘उंबरठा’ केला.

‘उंबरठा’ हा शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवर डॉ. जब्बार पटेल यांनी काढलेला चित्रपट. त्यातील सुलभा महाजन ही सुशिक्षित, सुखवस्तू घरातील गृहिणी आहे. आपल्या शिक्षणाचा उपयोग चार भिंतींबाहेर व्हावा, ही तिची तळमळ. ती घर सोडून दूरच्या गावी स्त्रियांच्या सुधारगृहाची अधीक्षिका होते. तेथील गैरकारभाराशी झगडते, निराधार स्त्रियांना माणूस म्हणून वागवू पाहते आणि अखेर राजीनामा देऊन घरी परतते. परंतु आपली जागा आता त्या घरात उरलेली नाही, असे तिला कळून चुकते आणि ती पुन्हा उंबरठा ओलांडते. सुलभेने केले ते योग्य की अयोग्य, यावर त्या वेळी घरोघरी वाद झाले. हे वाद हेच त्या चित्रपटाचे यश होय. ज्या उंबरठ्यावर आपल्या आया-बहिणींनी पिढ्यानुपिढ्या रांगोळी रेखली, तो उंबरठा त्यांना अडवतोही, हे अनेकांच्या मनात प्रथमच आले.

स्त्रियांच्या प्रश्नांविषयीची ही आस्था पडद्यापुरती नव्हती. मुंबईतील स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या कार्यात त्या सहभागी होत. छायाचित्रणाचाही त्यांना छंद होता. ज्या कॅमेऱ्यापुढे त्या उभ्या राहत, त्याच्या मागे उभे राहून माणसांचे चेहरे टिपण्यातही त्यांना आनंद वाटे. १९८५ साली भारत सरकारने ‘पद्मश्री’ देऊन त्यांचा गौरव केला.

आता त्यांच्या हातून अधिक मोठी कामगिरी होणार, अशी सर्वांची अपेक्षा होती. परंतु नियतीच्या मनात निराळेच होते. पुत्रजन्मानंतर उद्भवलेल्या आजारात १३ डिसेंबर १९८६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे ३१ वर्षांचे! एका तपाहून थोड्याच अधिक काळात सुमारे ८० चित्रपटांत काम करून हा दीप मावळला.

त्यांच्या मृत्यूनंतर प्रदर्शित झालेल्या चित्रपटांत केतन मेहता यांचा ‘मिर्च मसाला’ हा होता. परतंत्र भारतातील गुजरातचे एक खेडे. तेथे जुलमी सुभेदार येतो. सारा गाव त्याच्या भयाने माना खाली घालतो. सोनबाई नावाची एक स्त्री मात्र त्याच्या दंडेलीपुढे वाकत नाही. ती मिरच्या कुटण्याच्या कारखान्यात आश्रय घेते. म्हातारा पहारेकरी दार लावून घेतो आणि प्राण गेला तरी उघडत नाही. अखेर दार फुटते, तेव्हा तेथील कामकरी बाया सुभेदाराच्या डोळ्यांत तिखटाची पूड उधळतात. शेवटच्या दृश्यात हाती विळा घेऊन निर्भयपणे उभी असलेली सोनबाई दिसते. ज्यांनी ते डोळे पाहिले, ते लोक त्यांना विसरले नाहीत.

२०१३ साली भारतीय चित्रपटाला शंभर वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने भारतीय डाकविभागाने काढलेल्या तिकिटांत स्मिता पाटील यांचेही तिकीट होते. २०२४ साली जुना, जीर्ण झालेला ‘मंथन’ पुन्हा नव्यासारखा करून फ्रान्समधील कान येथील महोत्सवात दाखवण्यात आला. ५ लाख गवळ्यांच्या दोन-दोन रुपयांतून उभे राहिलेले ते काम जवळजवळ अर्धशतकानंतर सातासमुद्रांपलीकडे गेले आणि घोळक्यात बसलेली ती सावळी बिंदू पुन्हा एकदा जगाने पाहिली.

मुलांनो, वृत्तनिवेदिका, राजकन्या, गवळण, ठाकरीण, झोपडीतली आई, सुधारगृहाची अधीक्षिका, मिरच्यांच्या कारखान्यातली सोनबाई अशी किती रूपे या एका व्यक्तीने घेतली! आपल्या गावी बहुरूपी येतो. तोही आज पोलीस होतो, तर उद्या साधू. त्याचे सोंग पाहून आपण हसतो आणि तो निघून जातो. स्मिता पाटील यांची रूपे मात्र आपल्या मनात राहतात. कारण प्रत्येक रूप घेण्यापूर्वी त्या त्या माणसाजवळ जाऊन बसल्या. दुसऱ्याचे दुःख जाणून घ्यावयाचे असेल, तर प्रथम त्याच्या शेजारी मांडी घालून बसावे लागते. नट होणे प्रत्येकाला साधणार नाही. परंतु एवढे तर आपल्यापैकी प्रत्येकाला करता येईल.

शब्दार्थ

पेहराव – पोशाख, वेश. परिपाठ – नित्याची रीत. संकेत – रूढ नियम. कृष्णधवल – काळ्या-पांढऱ्या रंगांतील. समांतर – बरोबरीने पण वेगळा चालणारा. सूत्रधार – कार्याची सूत्रे हाती असणारा. फटकळ – तोंडावर स्पष्ट बोलणारी. मनस्वी – स्वतःच्या मनाप्रमाणे वागणारी. सुळका – डोंगराचे उंच, निमुळते टोक. दैवदुर्विलास – नशिबाचा विपरीत खेळ. दंडेली – जुलूम, जबरदस्ती. तप – बारा वर्षांचा काळ.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पाहुण्यांना ‘मंथन’ची नायिका का ओळखता आली नाही?
(आ) ‘मंथन’साठी १० लाख रुपये कसे उभे राहिले?
(इ) ‘भूमिका’ हा चित्रपट कोणाच्या आत्मकथनावर आधारलेला आहे?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) बातम्या वाचण्याच्या कामाचा स्मिता पाटील यांना अभिनयात कोणता उपयोग झाला असावा?
(आ) समांतर चित्रपट व व्यावसायिक चित्रपट यांतील फरक सांगा.
(इ) ‘अकालेर संधाने’ या चित्रपटातील कंपनीमुळे गावात टंचाई कशी निर्माण झाली?

३. व्यावसायिक चित्रपटांत काम करण्याचा स्मिता पाटील यांचा निर्णय तुम्हांला योग्य वाटतो काय? दोन्ही बाजूंचा विचार करून आठ-दहा ओळी लिहा.

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
पाणी सोडणे, बोट ठेवणे, मुरड घालणे, कळून चुकणे, मनात वसणे.

५. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ या म्हणीचा अर्थ पाठातील उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.

६. तुमच्या परिसरात कष्टाचे काम करणाऱ्या एका व्यक्तीजवळ बसून तिची दिनचर्या जाणून घ्या. तिचे बोलणे, काम करण्याची पद्धत व अडचणी यांचे पंधरा ओळींत वर्णन करा.